पगारदारांची प्रेमकथा : ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ पाहण्याआधी

अल्फ्रेड क्रालिकच्या मनात लग्नाचे विचार घोळू लागले आहेत. जिच्याशी लग्न करायचं तिला त्याने अजून पाहिलेलंही नाही; ओळख फक्त पत्रांतून झालेली. तरी त्याची पहिली चौकशी पैशांची असते. दुकानातला वयाने मोठा सहकारी पिरोविच संसारी माणूस आहे. दोघांच्या घरखर्चाला किती लागतात, मुलं सोडून, असं क्रालिक त्याला विचारतो. मुलं सोडून केलेला हिशेब फार दिवस टिकत नाही, हे पिरोविच त्याला आधीच बजावतो. मग जागेचा विषय निघतो. क्रालिकला तीन खोल्या हव्या असतात आणि पिरोविच त्यातली एकेक कमी करत जातो. जेवायला स्वयंपाकघर आहे, बसाउठायला झोपायची खोली आहे, आणि खरा मित्र जेवणवेळ टळल्यावरच घरी येतो. दोघंही हे अगदी मनापासून बोलत असतात. आपल्याला हसू येतं ते हिशेब खरा आहे म्हणून.

एर्न्स्ट लुबिचने दिग्दर्शित केलेला हा ९९ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट १९४०च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. एमजीएमची निर्मिती, सॅम्सन राफेलसनची पटकथा, आणि मूळ आधार मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराचं १९३७मधलं ‘पार्फ्युमरी’ हे नाटक. एकाच दुकानात काम करणारे दोघं दिवसभर एकमेकांचा राग राग करतात आणि रात्री, नकळत, एकमेकांनाच प्रेमपत्रं लिहितात, हे कथानक पुढे इतक्यांदा वापरलं गेलं की मूळ न पाहिलेल्यालाही ते ओळखीचं वाटेल. मला मात्र या चित्रपटाचा जीव त्या युक्तीत दिसत नाही. इथे पगार प्रेमाइतकाच गंभीरपणे घेतलेला आहे, आणि म्हणून इथलं प्रेम खरं वाटतं. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

त्या काळातल्या हॉलिवूडच्या प्रेमविनोदी चित्रपटांतली माणसं बहुतेक खाऊनपिऊन सुखी असत. त्यांना प्रेमात पडायला, भांडायला, घटस्फोट घेऊन पुन्हा त्याच माणसाशी लग्न करायला भरपूर मोकळा वेळ असे. याच वर्षी आलेला ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हा चित्रपटही नाटकावर बेतलेला, आणि त्यातही इथे क्रालिक झालेला जेम्स स्टुअर्टच आहे. त्यातल्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं. पण ती गोष्ट हवेलीतल्या श्रीमंतांची, आणि स्टुअर्टचा बातमीदार तिथे पाहुणा म्हणून शिरलेला. मातुशेक आणि कंपनी या बुडापेस्टच्या दुकानात कोणाची हवेली नाही. मालक सोडला तर प्रत्येकजण महिन्याच्या पगारावर जगतो, आणि नोकरी गेली तर दुसरी मिळणं किती कठीण आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. मंदीचं नाव कोणी घेत नाही. नोकरी मागायला आलेल्या क्लारा नोव्हाकच्या चेहऱ्यावर मात्र ती स्पष्ट वाचता येते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बुडापेस्टची रंगभूमी साऱ्या जगाला नाटकं पुरवत होती. फेरेंत्स मोलनारची नाटकं लंडन-न्यूयॉर्कपर्यंत गेली होती. त्याच्या ‘लिलिओम’वरून पुढे ब्रॉडवेवर ‘कॅरूसेल’ उभं राहिलं. या नाटकांची बांधणी घट्ट असे, प्रवेश नेमके असत, आणि एखादी वस्तू हातोहात फिरत कथा पुढे नेत असे. लुबिच या खाणीतून वारंवार माल उचलत आला होता. त्याचा १९३२चा ‘ट्रबल इन पॅराडाइज’ हाही एका हंगेरियन नाटकावरून सुचलेला, आणि त्याचा पटकथाकारही राफेलसनच. दोघांची पद्धत अशी की मूळ नाटकातून जागा, माणसं आणि पेच घ्यायचा आणि बाकी जवळजवळ सगळं एका खोलीत बसून, बोलत बोलत नव्याने रचायचं. इथे त्यांनी अत्तरांच्या दुकानाचं चामड्याच्या बॅगा, पाकिटं आणि भेटवस्तूंचं दुकान केलं. वरवर किरकोळ दिसणारा हा बदल किती कामाचा ठरला ते पुढे येईलच.

दुकान हे लुबिचच्या आयुष्यातलंच होतं. १८९२ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या माणसाच्या वडिलांचा शिवणकामाचा आणि स्त्रियांच्या कपड्यांचा धंदा होता. मुलगा दिवसा त्या धंद्याच्या वह्या सांभाळायचा आणि रात्री माक्स राइनहार्टच्या नाट्यसंस्थेत छोट्या भूमिका करायचा. त्याच्या जर्मनीतल्या सुरुवातीच्या मूकपटांतही दुकानातला चलाख विक्रेता दिसतो. १९१६चा ‘शूपालास्ट पिंकुस’ तर चपलाबुटांच्या दुकानावरच आहे. हॉलिवूडमध्ये आल्यावर त्याने राजेरजवाडे, उमराव, आलिशान हॉटेलं यांच्या गोष्टी सांगून नाव कमावलं. त्यानंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तो गिऱ्हाईक आणि गल्ला यांच्या जगात परतला. मृत्यूच्या थोडं आधी, १९४७ साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा वातावरण आणि माणसं याहून खरी आपल्याला कुठे साधली नाहीत, असं त्याने या चित्रपटाबद्दल लिहिलं. माझंही मत तेच आहे.

नाटकाचा चित्रपट करताना बऱ्याच दिग्दर्शकांना वाटतं, चार भिंतींतून बाहेर पडलं पाहिजे. रस्ते दाखवा, गाड्या दाखवा, प्रवास घाला. लुबिच दुकानातच थांबतो. दुकान, मागची मालाची खोली, मालकाची केबिन, दारासमोरचा फूटपाथ, मधेच एक कॅफे, एक इस्पितळ, क्लाराची खोली, एवढ्यात सगळं आटोपतं. चित्रीकरण सुमारे महिनाभरात आणि पाच लाख डॉलर्सच्या आत संपलं. एमजीएमच्या तेव्हाच्या थाटात हे काम लहानच म्हणायचं. पण एका जागी राहण्याने जे मिळतं ते पैशाने मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत आपल्याला दुकानाचा नकाशा पाठ होतो. गोल जिना कुठे, केबिनचं दार कुठे, कोण कुठल्या काउंटरशी उभा राहतो, हे कळलं की मग एक दार बंद झालं तरी त्याचा अर्थ लागतो.

सुरुवातच पाहा. सकाळ आहे, दुकान उघडायचंय, नोकरमाणसं एकेक करत फूटपाथवर जमतायत. मालक टॅक्सीने येईपर्यंत कोणी आत जाऊ शकत नाही. आदल्या रात्री मालकाच्या घरी जेवायला बोलावणं फक्त क्रालिकला होतं, आणि त्याचं आज पोट बिघडलंय. म्हणून निरोप्या पोरगा पेपी त्याच्यासाठी सोडा आणायला पळतो. कोण मालकाच्या जवळचा, कोण चहाडखोर, कोणाला कोणाबद्दल काय वाटतं, हे सगळं या पाच मिनिटांत कळतं, आणि आपल्याला कोणी माहिती देतंय असं एकदाही वाटत नाही. मग मालकाला एक सिगारेटची पेटी भारी आवडते. झाकण उघडलं की ती ‘ओची चोर्निया’ची धून वाजवते. तो सगळ्यांना प्रामाणिक मत विचारतो. प्रामाणिक मत हे शब्द कानावर पडताच पिरोविच जिन्यावरून वर पसार होतो. बायकामुलांच्या जबाबदारीचं माणसाला पडलेलं हे वळण आहे. दर वेळी हसताना माझ्या पोटात थोडं कालवतंही. क्रालिक मात्र खरं मत देतो: चामडं नकली आहे, आणि दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याने तेच गाणं वीस वेळा का ऐकायचं?

नेमक्या याच वेळी क्लारा नोकरी मागायला येते. क्रालिक तिला गिऱ्हाईक समजून गोड बोलतो आणि नोकरीचं कळताच सरळ नकार देतो. ती हार मानत नाही. दुकानात आलेल्या एका बाईला तीच पेटी ती मिठाईची पेटी म्हणून विकते: झाकण उघडलं की गाणं वाजेल आणि आपण गोड फार खातोय याची आठवण होईल. मालक खूश, नोकरी पक्की. पुढे काही महिन्यांनी त्या पेट्या शोकेसमध्ये पडून आहेत आणि किंमत उतरवलेली आहे. मालाबद्दल क्रालिक बरोबर होता आणि विक्रीबद्दल क्लारा. दोघांचं वैर इथून सुरू होतं, म्हणजे कामाच्या मुद्द्यावर. त्यामागे प्रेमकथेत लागते तशी ओढूनताणून आणलेली गैरसमजूत नाही. दुकानात वरचढ कोण, कोणाचं मालकापाशी चालतं, हा रोजचा झगडा आहे. नोकरी केलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

पत्रव्यवहाराची सुरुवातही पैशाच्या चणचणीतून झालेली. क्रालिकला ज्ञानकोश हवा होता, नवा परवडत नव्हता, म्हणून जुना मिळतो का ते पाहायला तो वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळत होता. तिथे त्याला एका मुलीची जाहिरात दिसली. तिला सांस्कृतिक विषयांवर, नाव न सांगता, एखाद्या समंजस तरुणाशी पत्रव्यवहार करायचा होता. पुस्तकांची, विचारांची, मोठ्या आयुष्याची ही भूक लुबिच कुठेही लहान करत नाही. दिवसभर लोकांच्या हातात पाकिटं आणि बॅगा देणारी ही दोन माणसं रात्री स्वतःतलं सगळ्यात चांगलं कागदावर उतरवतात. पत्रातली आपली भाषा दुकानात वापरायला दोघांपैकी कोणाचीही हिंमत होत नाही, आणि तशी जागाही दुकानात नाही.

भेटीची रात्र येते तेव्हा शोकेस सजवायला मालकाने सगळ्यांना थांबवून घेतलेलं असतं. क्रालिकला सुट्टी हवी, क्लारालाही हवी, आणि त्याच संध्याकाळी क्रालिकला नोकरीवरून काढलं जातं. मालकाला वाटतंय की आपल्या बायकोचं याच्याशी काही आहे. क्रालिकला कारणही कळत नाही. सहकारी गप्प उभे राहून त्याला निरोप देतात. कोणी रडत नाही, कोणी भाषण करत नाही, आणि कोणाला काही करताही येत नाही, कारण प्रत्येकाची नोकरी अजून शाबूत आहे. विनोदी चित्रपटाच्या मध्यावर असा प्रसंग ठेवायला दिग्दर्शकाच्या अंगी धैर्य लागतं. संशय खरा ठरतो, माणूस चुकीचा निघतो. दोष असतो वादास नावाच्या दुसऱ्या नोकराचा. हे कळल्यावर मातुशेक केबिनमध्ये जाऊन दार लावतो. गोळीचा आवाज येतो, पेपी धावत आत शिरतो, आणि मालक वाचतो. लुबिच केबिनच्या आतलं काही दाखवत नाही. त्या दुकानाची सारी दारं आपल्या ओळखीची झालेली असतात, म्हणून एवढं पुरतं.

आता कॅफे. ‘ॲना कॅरेनिना’ची प्रत आणि त्यात लाल कार्नेशन ही खूण. नोकरी गेलेला क्रालिक आत जायला धजावत नाही, म्हणून पिरोविच काचेतून डोकावून पाहतो आणि हळूहळू, अडखळत, त्याला सांगतो की आत बसलेली मुलगी क्लारा आहे. क्रालिक शेवटी आत जातो, पण स्वतःची ओळख देत नाही. आपल्या प्रियकराची वाट पाहणारी क्लारा त्याला घालवून द्यायला बघते आणि शेवटी त्याच्यावर तुटून पडते: याच्या हृदयाच्या जागी हँडबॅग, आत्म्याच्या जागी सूटकेस, बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर. अत्तराऐवजी चामड्याचं दुकान घेण्याचा फायदा इथे दिसतो. तिला अपमानासाठी सापडणारे शब्दसुद्धा काउंटरवरचे आहेत. तिचं सगळं जगच तिथे बांधलेलं आहे.

यानंतर क्रालिकला सगळं ठाऊक आणि क्लाराला काहीच नाही, अशा अवस्थेत चित्रपटाचा उरलेला भाग चालतो. याबद्दल मला थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण आजच्या प्रेक्षकाला इथे खटकू शकतं. एक माणूस सत्य लपवतोय आणि दुसरं माणूस त्याच्यासमोर उघडं पडतंय. हा न्याय आहे का? मला या प्रश्नाचं उत्तर दोन जागी मिळालं. पहिली जागा टपाल कार्यालयात. भेट फसल्यानंतर क्लारा पत्र पाहायला जाते. कॅमेरा खणांच्या आतल्या बाजूला आहे. एका खणात हातमोजा घातलेला हात येतो, रिकाम्या जागेत चाचपडतो, आणि मग त्याच चौकोनात वाकून पाहणारा तिचा चेहरा. काही सेकंदांचं दृश्य, एक शब्द नाही. रंगमंचाला हे दाखवताच येत नाही. दुसरी जागा तिच्या खोलीत. ती आजारी पडलीय आणि क्रालिक, ज्याला मातुशेकने परत बोलावून आता दुकानाचा व्यवस्थापक केलंय, तिला भेटायला आलाय. तेवढ्यात पत्र येतं. त्याच्यासमोरच ती ते वाचते आणि तिच्या अंगात जीव येतो. आपल्या शब्दांनी कोणाला एवढं सुख होतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. त्या क्षणापासून त्याचं लपवणं हा सूड राहत नाही. तिला दुकानातला क्रालिकही आवडावा, म्हणून त्याला वेळ हवा असतो. यानंतरही त्याने तिला जरा जास्तच ताटकळत ठेवलं असं मला वाटतं, पण क्लारा झालेल्या मार्गारेट सुलावनचा चेहरा पाहताना मी ते माफ करते.

सुलावन आणि स्टुअर्ट यांची मैत्री जुनी, मॅसॅच्युसेट्सच्या युनिव्हर्सिटी प्लेयर्स या तरुण नटमंडळीतली. स्टुअर्ट हॉलिवूडमध्ये नवखा असताना ‘नेक्स्ट टाइम वी लव्ह’साठी तिनेच त्याचा आग्रह धरला होता. या दोघांसाठी लुबिच वाट पाहत राहिला आणि मधल्या काळात त्याने ग्रेटा गार्बोला घेऊन ‘निनोच्का’ केला. दोघांची भांडणं इतकी सहज वाटतात, याचं कारण एकमेकांच्या श्वासाची लय त्यांना माहीत आहे. स्टुअर्टचा पेनसिल्व्हेनियाचा हेल बुडापेस्टमध्ये कसा, असा प्रश्न पाच मिनिटांनंतर पडत नाही.

भोवतालच्या नटांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवं. पिरोविचचं काम करणारा फेलिक्स ब्रेसार्ट हा ज्यू नट. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली. खुद्द लुबिचचं जर्मन नागरिकत्व नाझींनी १९३५ साली काढून घेतलं. मूळ नाटकाचा लेखक लास्लो १९३८मध्ये अमेरिकेत आला. त्याच वर्षी हंगेरीत ज्यूंच्या रोजगारावर मर्यादा घालणारा पहिला कायदा झाला. वादास रंगवणारा जोसेफ शिल्डक्राउट व्हिएन्नाचा, तोही ज्यू. १९५९च्या ‘द डायरी ऑफ ॲन फ्रँक’मध्ये तोच ॲनचे वडील ओटो फ्रँक झाला. म्हणजे पडद्यावर नाताळच्या खरेदीची लगबग चालू आहे आणि ते बुडापेस्ट उभं करणाऱ्यांपैकी कित्येकांना आपलं शहर उरलेलं नाही. चित्रपटात युद्धाचं, नाझींचं नावही नाही. त्याच वर्षी, त्याच स्टुडिओच्या ‘द मॉर्टल स्टॉर्म’मध्ये मात्र स्टुअर्ट, सुलावन आणि मातुशेक साकारणारा फ्रँक मॉर्गन हे तिघंही नाझी जर्मनीत सापडलेली माणसं रंगवतात. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की मातुशेकच्या दुकानातली ऊब किती नाजूक होती ते जाणवतं. १९४४मध्ये हंगेरीतल्या लाखो ज्यूंना ऑशविट्झला नेण्यात आलं.

मॉर्गनला लोक ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चा जादूगार म्हणून ओळखतात. माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम इथे आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात कित्येक वर्षांत झाला नव्हता एवढा गल्ला जमतो. मालक सगळ्यांना बक्षिसी वाटतो आणि मग एकेकाला सहज विचारल्यासारखं विचारतो की रात्री जेवणाचं काय. बायको गेली, घर रिकामं, आणि एकट्याने जेवायचं त्याच्या जिवावर आलंय. प्रत्येकाला आपलं माणूस आहे, प्रत्येकजण घाईत आहे. उरतो नुकताच लागलेला निरोप्या पोरगा रूडी, ज्याचं या शहरात कोणी नाही. मातुशेक त्याला हॉटेलात जेवायला नेणार असतो आणि पदार्थ सांगू लागतो: सूप, भरलेला हंस, बटाटे, लाल कोबी, काकडीची कोशिंबीर. सांगताना त्याचा आवाज चढत जातो आणि पोराचे डोळे मोठे होतात. एक जण पगार देणारा, एक जण सगळ्यात कमी पगार घेणारा. नायक-नायिकेच्या मीलनाआधी लुबिच ही जोडी जमवतो, आणि मला तो या चित्रपटाचा सर्वात सुंदर प्रसंग वाटतो.

पुढे या कथेचे अनेक अवतार झाले. १९४९मध्ये जुडी गार्लंडला घेऊन ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ आला. त्यात दुकान शिकागोला गेलं आणि वाद्यांचं झालं. १९६३चं ‘शी लव्ह्ज मी’ हे ब्रॉडवेचं संगीत नाटक या साऱ्यांत मला सर्वाधिक प्रिय आहे, कारण कथा पुन्हा बुडापेस्टच्या अत्तरांच्या दुकानात येते आणि प्रत्येक नोकराला स्वतःचं गाणं मिळतं. आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे तो १९९८चा नोरा एफ्रनचा ‘यू हॅव गॉट मेल’. त्यात पत्रांची जागा ईमेलने घेतली. त्याहून मोठा बदल असा की टॉम हँक्स हा पुस्तकांच्या साखळी दुकानांचा मालक झाला आणि मेग रायन एका छोट्या दुकानाची. त्याच्या धंद्यामुळे तिचं दुकान बंद पडतं आणि तरी ती त्याच्या प्रेमात पडते. मूळच्या दोघांना एकाच मालकाची भीती होती, एकाच पगाराची वाट होती. एफ्रनचा चित्रपट देखणा आहे, संवाद चुरचुरीत आहेत. पण ती बरोबरी गेली आणि शेवटी तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात प्रेमाखेरीज हरल्याचं पाणीही आहे, ते त्या चित्रपटाला पुसता आलेलं नाही.

ज्यांनी हे नंतरचे अवतार आधी पाहिलेत, त्यांनी क्रालिक-क्लाराचं काय होणार याची काळजी सोडून द्यावी आणि पहिल्या खेपेपासूनच काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसांवर नजर ठेवावी. विशेषतः ब्रेसार्टवर. क्रालिकला निरोप देताना, कॅफेच्या काचेशी, आणि शेवटी क्लाराने सिगारेटच्या पेटीऐवजी पाकीट घ्यावं म्हणून तिला पटवताना, तो प्रत्येक वेळी एका घाबरट माणसाचा मोठेपणा दाखवत असतो. मालकासमोर तोंड न उघडणारा हा माणूस मित्रासाठी मात्र प्रत्येक वेळी तोंड उघडतो.